घटसर्प आणि नानांचे भाषण

गेल्या महिन्यात आमच्या खारघरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एकाच दिवशी दोन निरोप आले. पहिला सहाव्या मजल्यावरच्या तरुण डॉक्टरांचा. अमुक विचारांच्या माणसांनी माझ्या दवाखान्याची पायरी चढू नये, असे त्यांनी जाहीर केले होते आणि खाली हात जोडल्याचे चित्र टाकले होते. दुसरा निरोप एका निवृत्त अभियंत्यांचा. डॉक्टर, वकील, शिक्षक यांना राजकीय मत असताच कामा नये. काम करावे आणि घरी जावे, असे त्यांचे म्हणणे. मग कोणीतरी मला विचारले, "काका, तुम्ही वकील. तुमचं काय मत?" मी दोघांनाही सविस्तर पत्रे लिहिली. एकाच इमारतीत राहत असूनही ती रजिस्टर पोस्टाने पाठवली, कारण रजिस्टरला पोच मिळते, आणि पोच दिलेले पत्र पाहिलेच नाही असे कोणाला म्हणता येत नाही. डॉक्टरांना लिहिले की आपला परवाना ही आपली खासगी मालमत्ता नव्हे. अभियंत्यांना लिहिले की मत नसलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही, मत लपवणारे मात्र पुष्कळ पाहिले आहेत. डॉक्टरांनी उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठवले. अभियंते गट सोडून गेले. तो अंगठा पाहून मी फोन पालथा घातला, आणि सुनेने पाणी आणून दिले. तिला वाटले मी संतापलो आहे. मी संतापलो होतोच. पण त्या संतापाखाली त्याहून जुने काहीतरी होते. हे प्रकरण मी या आत्मकथनातून वगळणार होतो. आता वगळत नाही.

आमचे घर जुन्या पनवेलीत, वडाळे तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. पुढच्या खोलीत नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा दवाखाना आणि मागे आमचा संसार. दोहोंमध्ये एक जाड पडदा, आणि त्या पडद्यातून सकाळपासून एकेक आवाज आत येई: सुया उकळणाऱ्या स्टोव्हची घरघर, काचेच्या पिचकाऱ्यांची किणकिण, पोरांचे रडणे, आणि या सगळ्यावर नानांचा खणखणीत आवाज, "जीभ दाखवा. अजून बाहेर. मी काय कापून नेणार नाही." औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवावी लागे आणि त्या पट्टीला कात्रीने खाचा पाडाव्या लागत, म्हणजे एका वेळी किती घ्यायचे ते न वाचता येणाऱ्यालाही कळे. खाचा पाडण्याचे काम माझ्याकडे होते. मला लहानपणापासून दमा होता. मैदानावर मी निरुपयोगी, म्हणून कात्री माझ्या हाती आली. माझी छाती ही त्या घरातली भीती मोजण्याची नळी होती असे आज वाटते. कोणी मोठ्याने बोलले, दार आपटले, की माझ्या छातीत शीळ वाजू लागे, आणि आई वालाचे बिरडे सोलता सोलता मान वर करून म्हणे, "काय झालं रे बाहेर?"

खाडीकडच्या गावांतून, मिठागरांवरून, भातखाचरांतून माणसे नानांकडे येत. येताना कोणी कडव्या वालांची पुरचुंडी आणी, कोणी मिठाची पिशवी, कोणी हातभर लांबीचा जिताडा. मासा आमच्या चुलीवर चढत नसे. आई तो नाक न मुरडता शेजारी पोचता करी आणि आणणाऱ्याला सांगे, "फार छान होता हो." वालाची उसळ, तांदळाची भाकरी आणि आमसुलाचे सार, हे आमचे थंडीतले जेवण, आणि ते जेवताना नाना राजकारण बोलत. त्यांना मत होते. आयुष्यात मला भेटलेल्या माणसांत त्यांच्याइतके ठाम मत कोणाचेच नव्हते. त्यांचे मत असे की नवे शहर आले पाहिजे, खाजणे बुजवली पाहिजेत, आणि भूसंपादनाच्या नोटिसा आलेल्या गावांनी जमिनी दिल्या पाहिजेत. बाजारपेठेपलीकडे दवाखाना असलेले वयस्कर मुकादम डॉक्टर याबाबत काहीच बोलत नसत, म्हणून नाना त्यांची थट्टा करीत. "मुकादमांना विचारा आज वार कोणता, तर म्हणतील, रुग्णाचा जो असेल तो."

नानांचे मत बरोबर होते की चूक, हा या प्रकरणाचा विषय नाही. त्यांना ते बाळगण्याचा आणि मांडण्याचा पूर्ण अधिकार होता, आणि तो कोणी नाकारला तर मी आजही त्याला पत्र लिहीन. माझी तक्रार त्यांच्या एका वाक्याविरुद्ध आहे. ते वाक्य त्यांनी सभेत उच्चारले.

ती सभा नोटिसांच्या बाजूच्या मंडळींनी भरवली होती. मैदान मात्र विरोधकांनी भरले होते. मी व्यासपीठाच्या पायरीवर नानांची बॅग मांडीवर घेऊन बसलो होतो, कारण नाना सभेलाही बॅग घेऊन गेले होते. ते उभे राहिले, गळ्यातली तपासायची नळी तशीच होती. ते म्हणाले, "मी पुढारी नाही. मी डॉक्टर म्हणून सांगतो. तुमच्या पोरांच्या नाड्या या हातांनी धरल्या आहेत. या खाजणात हिवताप आहे, खोकला आहे, मरण आहे. शहर आलं की रस्ता येईल, इस्पितळ येईल. औषध कडू आहे, पण घ्या. डॉक्टर म्हणून सांगतो, जमिनी द्या." आणि त्यांनी उजवा हात वर केला. मग मागून एक आवाज आला, "डागदर, तुमचा घर हाय का नोटिशीत?" हशा पिकला. आमचे घर नोटिशीत नव्हते. नाना काही बोलणार तेवढ्यात दुसरा ओरडला, "आमाला कडू आन तुमाला साखर काय?" त्या हशातच पहिला दगड आला. तो कोणालाही लागला नाही. व्यासपीठाच्या फळीवर आपटला. मी बॅग छातीशी धरली आणि माझी शीळ मला इतक्या मोठ्याने ऐकू आली की मला वाटले ती सगळ्या मैदानाला ऐकू जाते आहे.

त्यानंतर जिताडा यायचा बंद झाला. आधी मला वाटले, मासळीचाच तोटा असेल. मग वाल आले नाहीत, मीठ आले नाही, आणि शेवटी माणसेच आली नाहीत. स्टोव्ह पेटे, सुया उकळत, आणि बाकावर कोणी नसे. बाजारात आईला भाजीवालीने सांगितले की गावांत बोलले जाते, डागदर नोटिसवाल्या गावच्या पोरांना औषधाऐवजी पाणी टोचतो. पोरे खंगली की माणसे आपसूक जमिनी सोडतील. आईने हे नानांना सांगितले तेव्हा ते हसले. "हे कोण मानील?" ते म्हणाले. आई म्हणाली, "बाक बघा." दारावरच्या पाटीवर एका सकाळी शेण लागले होते. ते मी धुतले. शेणापेक्षा मला त्या दिवसांतल्या शांततेची भीती अधिक वाटे. खोकणारे, रडणारे, भांडणारे लोक जिथे रोज असत, तिथे फक्त स्टोव्ह घरघरत होता. आई माझ्या शाळेच्या वाटेवर नजर ठेवू लागली. मी उशिरा आलो की ती दारात उभी असे आणि मला पाहिल्यावर रागाने आत निघून जाई.

अशाच एका शुक्रवारी दुपारी बाहेर बैलगाडी थांबली. पडद्याआडून मी पाहिले. एक धिप्पाड माणूस लहान मुलीला खांद्यावर घेऊन आत आला, आणि मागून नऊवारी खोचलेली एक म्हातारी. त्या माणसाला मी ओळखले. तो बाळाराम, सभेत 'तुमचा घर हाय का' असे विचारणारा. म्हातारी त्याची आई ठमाबाय, मुलगी त्याची, चंद्री. चार वर्षांची असेल. ते आधी मुकादमांकडे गेले होते. पण जुम्याची नमाज असल्याने तिथे दार बंद होते. बाळाराम गाडी परत फिरवत होता. म्हातारीने बैलांच्या कासऱ्याला हात घालून गाडी आमच्या दाराकडे वळवली होती. हे सगळे तिनेच आत येता येता सांगितले, नानांना नव्हे, भिंतीला: "बाप बोलतो नको, बाप बोलतो नको. बापाला गला हाय, पोरीला नाय."

मुलीच्या श्वासाचा आवाज मी आजही लिहून दाखवू शकत नाही. माझ्या दम्याच्या शिळेची मला सवय होती. ती श्वास सोडताना वाजे. हा आवाज श्वास घेताना येत होता, ओल्या फडक्यातून कोणी वारा ओढावा तसा. नानांनी तिला खिडकीजवळ बसवले, चमच्याने जीभ दाबली, बॅटरी मारली, आणि त्यांचा चेहरा बदलला. घशात राखाडी पापुद्रा होता. "घटसर्प," ते म्हणाले. "वेळ घालवायचा नाही." ते उठून मागे आले, फ्रिज उघडला, आईच्या विरजणाच्या वरच्या कप्प्यातून प्रतिविषाची कुपी काढली आणि पिचकारी भरू लागले. पडद्याशी उभ्या असलेल्या मला ते हळूच म्हणाले, "एवढीच आहे. पण पुरेल." त्यांचा आवाज आनंदी होता. त्यांना वाटत होते, आजार समोर आला की बाकी सगळे मागे पडते.

बाळारामने त्यांचे मनगट धरले. "थांबा. काय हाय त्यात?"

नाना खोटे बोलू शकत नसत. हा त्यांचा गुण होता आणि त्या दुपारी तो आमच्या मुळावर आला. ते म्हणाले, "घोड्याच्या रक्तापासून काढलेलं द्रव्य आहे. रोगाचं विष मारतं. आधी कातडीत थेंबभर टोचून पाहायचं, सोसतं का ते. मग पूर्ण."

"घोऱ्याचं रगत?" बाळारामने म्हातारीकडे पाहिले. "आन नाय सोसलं तर?"

"तर त्यावर दुसरं औषध आहे. इथे ठेवलंय."

"म्हंजी मरतं बी मानूस."

"क्वचित."

बाळाराम मनगट सोडेना. त्याची नजर खोलीभर फिरली आणि पडद्याशी थांबली. "ह्यो तुमचा पोर ना? त्याला टोचा आदी. त्याला काय झाला नाय, तर माजे पोरीला टोचा."

नानांनी माझ्याकडे पाहिले. मी अनेक न्यायालयांत उभा राहिलो आहे, निकाल ऐकण्यापूर्वीचे ते क्षण मला ठाऊक आहेत. पण माझ्या बापाच्या डोळ्यांत मी त्या क्षणी जे पाहिले तसे पुन्हा कोठे पाहिले नाही. ते मला तोलत होते. एका पारड्यात खिडकीजवळचा तो श्वास होता आणि दुसऱ्यात मी. माझी छाती गच्च झाली आणि शीळ सुरू झाली. सगळ्यांनी ती ऐकली.

"त्याला नाही देता येणार," नाना म्हणाले. "त्याला दमा आहे. दम्याच्या माणसाला हेच औषध जिवावर बेतू शकतं."

हे पूर्ण सत्य होते. मी नंतर कुतूहलाने याबाबत वाचले आहे. पण खोलीत ते कसे ऐकू गेले हे बाळारामच्या तोंडावर दिसले. तो हसला, आणि ते हसू मला सभेतल्या दगडाहून भयंकर वाटले.

"आमचे पोरीला चालतं, तुमचे पोराला नाय. आमची जमीन चालते, तुमचा घर नाय. डागदर, तुमचा सगला औषध आमालाच कसा लागू पडतो हो?"

नानांनी मनगट सोडवून घेतले, बाही वर केली आणि वेगळ्या सुईने थेंबभर औषध स्वतःच्या हातात टोचले. बाळाराम म्हणाला, "तुमी डागदर. तुमाला उतारा ठावं हाय." आई पडदा सारून बाहेर आली. तिच्या हाताला वालाची साले चिकटली होती. "मला टोचा," ती म्हणाली. बाळारामने तिला नमस्कार केला. "वयनी, तुमी मधी पडू नका. तुमच्याशी भांडण नाय." म्हातारी मध्येच ओरडली, "आरं पोर निळी पडली, बगतोस का?" आणि बाळाराम, ज्याच्या डोळ्यांत आता पाणी होते, तो नानांच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाला, "त्या दिशी बोललाव, डागदर म्हनून सांगतो, जमीन द्या. आज डागदर म्हनून सांगताव, पोर द्या. मना कसा कलावा, कवा खरा डागदर बोलतो आन कवा नोटिसवाला?"

मी पुढे वकिलीत अनेक हुशार उलटतपासण्या केल्या, काही गाजल्या, पण असा प्रश्न मला कधी सुचला नाही. कायद्याने पाहिले तर नानांचे हात बांधलेले होते. सद्भावनेने केलेल्या उपचारास संरक्षण आहे. परंतु पालक समोर उभा राहून नकार देत असेल तर ते संरक्षण तोकडे पडते. मुलगी मेली तर तो खून ठरवायला बाहेर माणसे जमू लागलीच होती. गाडीमागून गावातली चारदोन तरणी पोरे आली होती आणि ओट्यावर उभी होती. नाना खाली बसले. भरलेली सुई त्यांनी ताटलीत ठेवली. मग मला म्हणाले, "सायकल काढ. मुकादमांना घेऊन ये. म्हणावं, औषध माझ्याकडे आहे, हात तुमचा हवा."

मी सायकलवर बसलो तेव्हा ओट्यावरच्या एकाने मागचे चाक धरले. "कुटं चाललाव? पोलिसात?" मला बोलता येईना, श्वासच नव्हता. आतून म्हातारी कडाडली, "सोड त्याला!" चाक सुटले. त्या दिवशी बाजारपेठ किती लांब होती! छातीतली शीळ, टपऱ्यांवरून वळणाऱ्या माना, आणि परत जाईन तेव्हा तो ओला आवाज थांबलेला असेल ही एकच कल्पना. मशिदीतून माणसे बाहेर पडत होती. मुकादम डॉक्टर घरी पोचून डोक्यावरची टोपी काढत होते. मी धापा टाकत सांगितले. त्यांनी मला पायरीवर बसवले.

"बेटा, आधी दम घे. कोणाची मुलगी?"

मी नाव सांगितले.

"तुझे वालिद बाजारात माझी नक्कल करतात, मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी उमरभर कोणाला माझं मत सांगितलं नाही. बीबीलासुद्धा नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे लोक माझ्यासमोर जीभ बाहेर काढतात. आज तुमच्या घरात शिरलो, आणि खुदा न करो, मुलीला काही झालं, तर नोटिसवाल्यांनी मुकादमलाही फोडला असं म्हणतील. मग या सगळ्या गावांना कोण राहिलं?"

"मग तुम्ही येत नाही?" मी विचारले. मी रडत होतो.

"येतोय रे. माझी चप्पल बघ कुठे आहे."

मी त्यांना सायकलवर मागे बसवू शकलो नसतो. आम्ही टांगा केला. वाटेत त्यांचा गुडघा सारखा हलत होता. तेही घाबरलेले होते हे मला तेव्हा उमगले. घर आले, आणि टांग्यातूनच तो आवाज ऐकू आला. मला त्या आवाजाने आनंद झाला, इतका आनंद की टांगा थांबण्याआधीच मी उडी टाकली.

मुकादमांनी घसा पाहिला. मग बाळारामला म्हणाले, "हे डॉक्टर जे म्हणाले तेच मी म्हणतो. औषध यांचं, सुई यांची. टोचू का?" बाळारामने मान हलवली. एवढेच. नानांनी तासभर सत्य सांगून जे मिळाले नाही ते मुकादमांना एका वाक्यात मिळाले. मुलीच्या हातावर थेंब टोचला. मग आम्ही सगळे थांबलो. नाना आणि बाळाराम त्या रिकाम्या बाकाच्या दोन टोकांना बसले होते, आणि दोघेही एकाच लहानशा हाताकडे, कातडीवरच्या त्या टोचणीच्या ठिपक्याकडे पाहत होते. लाली आली नाही. मुकादमांनी पूर्ण औषध दिले. दिवेलागणीपर्यंत श्वास थोडा सैल झाला. आईने म्हातारीला चहा दिला. तो तिने बशीत ओतून आधी स्वतः प्यायला, मग बाळारामच्या हाती दिला.

जाताना मुकादमांनी बजावले की घसा सुटला तरी धोका संपत नाही. हे विष हृदयावर बसते. मुलीला अनेक दिवस उठू द्यायचे नाही, चालू द्यायचे नाही, नाहीतर हसताखेळता जाईल. बाळारामने मुलीला उचलले आणि दारात थांबून नानांना म्हणाला, "औषध चांगला होता तुमचा."

"मग माझ्या हातून का नको होतं?" नानांनी विचारले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

"त्यो हात आमी वर केलेला बगितलाय," बाळाराम म्हणाला आणि गेला.

पुढचे दिवस घरात कोणी नीट जेवले नाही. नाना राजकारण बोलेनासे झाले. त्या गावाकडून कोणी बाजारात आले की आई काही निमित्त काढून जवळ जाई आणि कोणी मयताचे सामान घेत नाही ना ते पाही. मुकादम दोनदा गावात जाऊन आले. दुसऱ्या वेळी ते सरळ आमच्याकडे आले आणि उभ्यानेच म्हणाले, "नाडी मधेच चुकतेय असं वाटतं. वाटतं म्हणतो, कारण माझे कान आता म्हातारे झाले. तुम्ही ऐकायला हवं."

"मला आत घेतील?"

"ते मला विचारू नका. मी आजाराबद्दल सांगायला आलो."

नाना बॅग घेऊन निघाले. आईने माझ्याकडे पाहिले आणि मीही निघालो. आज जिथे मी राहतो त्या इमारतीपासून ते गाव फार दूर नव्हते. ओवे गावाच्या अलीकडे, खाजणात. आता तिथे गाव उरले नाही, म्हणून नाव लिहीत नाही. तेव्हा गावात जायला खाडीच्या पाण्याला अडवणारा एक लांब, अरुंद बांध होता. एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला भातखाचर. पळायला जागा नाही. अर्धा बांध ओलांडला तेव्हा समोर ती ओट्यावरची पोरे दिसली. त्यांच्या हातात ढेकळे होती. नाना थांबले नाहीत. मी त्यांच्या सदऱ्याचे टोक धरले होते, इतका मोठा, तेरा वर्षांचा होऊन. पहिले ढेकूळ आमच्या पुढ्यात फुटले. माझ्या छातीत शीळ सुरू झाली, आणि नाना मागे न पाहता म्हणाले, "हळू श्वास घे. सोडताना मोज."

पोरांमागून ठमाबाय आली. तिने एकाच्या पाठीत धपाटा घातला आणि बांधावर आमच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कनाला आलाव? भांडायला का पोरीला बगायला?"

"बघायला," नाना म्हणाले.

"मना नका सांगू. मी येकटी काय गाव हाय? वरडून सांगा. आमचे गावात यायचा तर बांधावरून वरडायचा, कनाला आलाव ते. म्हंजी आमी बी तसंच वागू."

नानांनी बॅग खाली ठेवली. ज्या माणसाने भर सभेत आवाज चढवला होता त्याला तोंडातून शब्द काढायला वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि घराघरांना ऐकू जाईल असे ओरडले, "बघायला आलोय! पोरीला बघायला आलोय!"

पोरांच्या हातांतली ढेकळे खाली पडली. वाट मिळाली. चंद्री अंधाऱ्या खोलीत गोधडीवर पडली होती आणि आम्हाला पाहून तोंड फिरवून उठून बसू लागली. म्हातारीने तिला दाबून झोपवले. नाना गुडघ्यावर बसले, नळी तिच्या छातीवर ठेवली आणि डोळे मिटले. बाळाराम दाराला टेकून उभा होता. नाना किती वेळ ऐकत होते ते मला सांगता येणार नाही. मध्ये एकदा त्यांच्या भुवया आक्रसल्या आणि बाळारामच्या तोंडून 'आई गं' असा शब्द निघाला. नानांनी हात वर करून त्याला गप्प केले, पुन्हा ऐकले, कूस बदलून ऐकले, पाठीवरून ऐकले. मग नळी काढली.

"ठोका मधून चुकतो, पण सावरतो. कालपेक्षा आज कमी चुकत असणार, नाहीतर ओठ असे लाल नसते. आणखी पंधरा दिवस उठू देऊ नका. अंगणातसुद्धा नाही. रडू देऊ नका. वाचेल."

बाळारामने विचारले नाही की हे कोण सांगते आहे. तो नुसता खाली बसला आणि मुलीच्या पायाला हात लावून राहिला.

आम्ही बाहेर पडलो. म्हातारीने माझ्या हातात सुक्या वालांचे गाठोडे कोंबले. मला वाटले संपले. आता बांध ओलांडला की घर. नाना पुढे चालत होते. बांधावर, जिथून ते ओरडले होते त्याच जागी ते थांबले, बॅग माझ्याकडे दिली, गळ्यातली नळी काढून बॅगेत टाकली आणि झाकण लावले. मला त्यांचा बेत कळला तेव्हा मी त्यांचा सदरा ओढला. "नाना, चला. नाना, नको." त्यांनी माझा हात बाजूला केला, गावाकडे तोंड केले आणि हात तोंडाशी नेले.

"आता भांडायला आलोय!"

मग एका घराचे दार उघडले, मग दुसऱ्याचे, आणि माणसे बांधाकडे येऊ लागली. सर्वांच्या पुढे बाळाराम होता.